पालाचा पत्ता

दिवाळी आटोपली की महाराष्ट्रात दोन मोठी स्थलांतरं सुरू होतात. एक ऊसतोडीचं. त्याच्याबद्दल आता लिहिलं-बोललं जातं, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात. दुसरं कुणाच्या फारसं ध्यानात येत नाही. पावसाळ्याचे चार महिने एखाद्या गावाच्या कडेला, ओढ्याकाठी, बाजारतळावर नाहीतर गायरानात काढलेली भटक्यांची पालं या दिवसांत उतरवली जातात. बांबू, ताडपत्री, वाकळा, पत्र्याची पेटी, चार भांडी, कोंबड्यांचं खुराडं असा सगळा संसार पूर्वी गाढवावर चढायचा. आता तो जुन्या टेम्पोत किंवा मोटारसायकलमागे जोडलेल्या गाड्यावर चढतो. पुढचे सात-आठ महिने आज या गावाच्या वेशीबाहेर, परवा त्या गावाच्या. नंदीवाले, डवरी गोसावी, मसणजोगी, वैदू, घिसाडी, गोपाळ, बहुरूपी, मरिआईवाले. राज्याच्या मूळ यादीत १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमाती आहेत. यांतल्या पुष्कळ कुटुंबांनी कुठे ना कुठे बूड टेकलं आहे, घरं बांधली आहेत, पोरं शिकवली आहेत. पण ज्यांना अजून टेकता आलेलं नाही, त्यांची संख्या लहान नाही.

बेघर म्हटलं की आपल्यापुढे मुंबईचा फूटपाथ किंवा पुणे स्टेशनबाहेर अंगावर चादर ओढून झोपलेली माणसं येतात. २०११च्या जनगणनेनं देशात १७ लाख ७३ हजारांच्या आसपास बेघर मोजले. त्यांतले जवळपास ८ लाख ३५ हजार ग्रामीण भागातले होते. महाराष्ट्राचा आकडा २ लाख १० हजारांच्या वर, उत्तर प्रदेशाखालोखाल देशात दुसरा. आणि त्यातले निम्म्याच्या जवळपास खेड्यापाड्यांतले. बेघरांची ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. फेब्रुवारीअखेर म्हणजे सुगी उरकत आलेली, यात्रा-उरुसांचे दिवस, बिऱ्हाडं सगळ्यांत जास्त पांगलेली. शहरात पुलाखालची, फलाटावरची माणसं प्रगणकाला एका फेरीत सापडतात. गावापासून दोन किलोमीटर लांब माळावर उतरलेली चार पालं, वीटभट्टीच्या आडोशाची झोपडी, पाझर तलावाच्या भरावाखालचा मुक्काम हे सगळं त्या एका रात्रीत कितपत नोंदलं गेलं असेल? म्हणून हे आकडे किमान धरायचे.

शहरातल्या बेघरांसाठी निदान एक आराखडा आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१०मध्ये मोठ्या शहरांना लोकसंख्येच्या प्रमाणात रात्रनिवारे उभारायला सांगितलं, पुढे राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी तरतूद झाली. ते निवारे पुरेसे नाहीत, अनेक नीट चालत नाहीत. तरी तक्रार कुठे करायची हे ठरलेलं आहे. खेड्यातल्या बेघरासाठी निवारा नावाची गोष्टच योजनेत नाही. त्याच्यासाठी आहे ते घरकुल. आणि घरकुल मिळायचं तर गाव पाहिजे, गावात नाव पाहिजे, नावावर जागा पाहिजे. ही तिन्ही ज्याच्याकडे नाहीत तोच तर बेघर.

या फटीत काही माणसं वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांचं काम बाहेरून पाहणाऱ्याला फार किरकोळ वाटतं. ते पालावर जातात, बसतात, कागद पाहतात, तहसीलला सोबत जातात, परत येतात, पुन्हा जातात. पण ग्रामीण बेघरांपर्यंत आजवर जे काही पोचलं आहे, त्यातलं बरंचसं या येण्याजाण्यातून पोचलं आहे.

०००

भटक्यांना पाल सोडवत नाही, हिंडणं त्यांच्या रक्तातच आहे, असं गावात सर्रास ऐकू येतं. शिकलेली माणसंही तसं म्हणतात. हे मला मान्य नाही, कारण हिंडणं कशामुळे मागे लागलं आणि थांबणं कुणी अवघड केलं याचा इतिहास कागदावर आहे.

ब्रिटिशांनी १८७१मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढवत नेली. जन्मानं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना हजेरी लागली, परवान्याशिवाय हलायची बंदी आली, काटेरी तारांच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरचं सेटलमेंट त्यांपैकीच एक. तिथली जुनी माणसं अजून ‘तीन तारेच्या आत’ असं बोलतात. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं ही कुंपणं उभीच होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कुंपण निघालं, पण त्या माणसांना जायला जागा कुठे होती? आणि कायदा गेला तरी गावाच्या आणि पोलीस ठाण्याच्या मनातला शिक्का गेला नाही.

दुसरीकडे, जे गुन्हेगार ठरवले गेले नव्हते, त्यांची पोटापाण्याची वाट हळूहळू बंद होत गेली. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. त्यानंतर दरवेशाचं अस्वल, गारुड्याचा साप, माकडवाल्यांचं माकड हे सगळं कायद्याबाहेर गेलं. प्राण्यांच्या बाजूनं हा कायदा हवाच होता. पण त्या प्राण्यावर जगणाऱ्या कुटुंबाला पर्याय द्यायची जबाबदारी कुणी उचलली नाही. कारखान्यातली विळी-खुरपी आली आणि घिसाड्याचा भाता थंडावला. बहुरूप्याला टीव्हीनं घालवलं. फिरून मिळत होतं म्हणून ही माणसं फिरत होती. आता मिळत नाही तरी फिरतात, कारण थांबायला कुणी जागा देत नाही.

लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये आलं तेव्हा मराठी मध्यमवर्गाला हे जग पहिल्यांदा आतून दिसलं. त्यानंतर कितीतरी आत्मकथनं आली. केंद्रानं बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला, त्याचा अहवाल २००८मध्ये आला. पुढे भिकू रामजी इदाते यांच्या आयोगानंही काम केलं. दोन्ही अध्यक्ष महाराष्ट्राचे, दोघांचंही आयुष्य या प्रश्नात गेलेलं. २०२२मध्ये केंद्रानं ‘सीड’ नावाची योजना आणली. तिच्यात शिक्षण, आरोग्य, उपजीविकेबरोबर घरासाठीही मदत धरली आहे, पाच वर्षांसाठी २०० कोटी. देशभरातल्या विमुक्त-भटक्यांचा विचार केला तर ही रक्कम किती तुटपुंजी आहे हे वेगळं सांगायला नको. आणि तिचा लाभ घ्यायलाही लागतो तो कागदच.

०००

पालावर काम करणाऱ्याची पहिली भेट बहुतेक वेळा फुकट जाते. अनोळखी माणूस वही-पेन घेऊन आला की पुरुष बाजूला होतात, बायका काहीच माहीत नसल्याचं सांगतात, पोरांना आत ढकललं जातं. वही घेऊन येणारा आजवर एकतर पोलीस होता, नाहीतर उठून जा म्हणून बजावायला आलेला गावकरी. म्हणून जाणती कार्यकर्ती वही पिशवीतच ठेवते. ती चुलीजवळ बसते, कुणाचं पोर आजारी आहे का विचारते, दिलेला चहा पिते. पालावरचा चहा नाकारणाऱ्याला तिथे दुसऱ्यांदा कुणी बसायला सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती ताई होते, मग कुणीतरी म्हातारी पत्र्याची पेटी उघडते आणि तळातली प्लास्टिकची पिशवी बाहेर येते.

त्या पिशवीत एका कुटुंबाचं सगळं नागरिकत्व असतं. दुसऱ्याच जिल्ह्यातलं जीर्ण रेशनकार्ड, त्यावर मेलेल्या आजोबांचं नाव. एका पोराचा चौथीचा दाखला, त्यावर आडनावाऐवजी जात लिहिलेली. कुठल्याशा पोलीस पाटलानं वीस वर्षांपूर्वी दिलेली चिठ्ठी, की ही माणसं आमच्या गावात उतरली होती आणि चांगल्या वर्तणुकीची आहेत. सरकारी दवाखान्याचा केसपेपर. आधार कार्डं असतात, पण एकाच आईबापांच्या तीन लेकरांची तीन गावांच्या पत्त्यांवर, जन्मतारीख सगळ्यांची एक जानेवारी.

इथून कामाला सुरुवात होते. आधारवरचा पत्ता सुधारायचा तर सरपंच किंवा राजपत्रित अधिकाऱ्यानं ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला चालतो. सरपंच म्हणतात, तुम्ही आमच्या गावचे नाही. रहिवासी दाखल्याला भाऊसाहेब पुरावा मागतात. ग्रामसेवकाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी, पण गावाला आणि पालाला दोघेही भाऊसाहेबच. रेशनकार्डाला रहिवास हवा. जन्माची नोंद दवाखान्यात झालेली नसेल आणि वर्ष उलटून गेलं असेल, तर ती अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. १ ऑक्टोबर २०२३नंतर जन्मलेल्या मुलाला तर शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच लागणार आहे. पालात जन्मलेल्या लेकराची नोंद एकवीस दिवसांच्या आत व्हावी म्हणून आईच्या आठव्या महिन्यापासून मागे लागणारी कार्यकर्ती त्या लेकराच्या अठरा वर्षांनंतरच्या घरकुलाचा पाया घालत असते. हे काम वर्तमानपत्रात येत नाही.

सगळ्यांत अवघड जातीचा दाखला. विमुक्त-भटक्यांसाठी पुराव्याची तारीख २१ नोव्हेंबर १९६१ आहे. म्हणजे त्या तारखेच्या आधी तुमचे आजोबा-पणजोबा महाराष्ट्रात राहत होते आणि अमुक जातीचे होते, याचा कागद दाखवायचा. ज्यांच्या पणजोबाला शाळेत जाता आलं, जमीन नावावर करता आली, त्यांना हा कागद मिळतो. ज्याचा पणजोबा नंदी घेऊन गावोगाव हिंडत होता, त्याचं नाव १९६१च्या आधी कुठल्या रजिस्टरात असणार? असलंच तर पोलीस ठाण्याच्या. कागद नसेल तिथे गृहचौकशी करून दाखला देण्याची सोय आहे. चांगला प्रांताधिकारी असला तर तो पालावर माणूस पाठवतो, जातभाईंचे जबाब घेतो, देवदेवक, बोली, सोयरीक पाहून अहवाल करतो. असे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या बदलीची बातमी पालावर अशुभ वार्तेसारखी येते.

एक सोय मात्र मनापासून चांगली आहे आणि ती फार थोड्यांना माहीत आहे. मतदार यादीत नाव घालायला बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा लागत नाही. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची. मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं रात्री त्या ठिकाणी जाऊन, एकापेक्षा जास्त रात्री, तो माणूस खरोखर तिथेच झोपतो का हे पाहायचं. निवडणूक आयोगाच्याच या सूचना आहेत. पुरावा आणण्याचं ओझं इथे माणसावरून उचलून यंत्रणेवर टाकलं आहे. मतासाठी जे जमतं ते रेशनसाठी आणि घरासाठी का जमू नये, हा प्रश्न मी कितीही वेळा विचारायला तयार आहे.

०००

अलीकडे शिबिरं भरतात. एका दिवशी मंडप, सगळ्या खात्यांची टेबलं, आधारचं मशीन, फोटो. ही शिबिरं वाईट नाहीत. पालावरच्या माणसाला तहसीलच्या पायऱ्यांची भीती वाटते, तिथे टेबल स्वतः चालत आलं तर फरक पडतो. पण शिबिरात अर्ज भरला जातो आणि पोच हातात मिळते. पुढे त्रुटी निघते, त्रुटीचा निरोप मोबाइलवर जातो, मोबाइल तोवर बंद असतो किंवा सिम बदललेलं असतं, आणि बिऱ्हाड दोन तालुके ओलांडून गेलेलं असतं. अर्ज निकाली निघतो, माणूस तसाच राहतो. एका कुटुंबाचे सगळे कागद पुरे व्हायला दोन-दोन वर्षं सहज जातात. तितका काळ त्या कुटुंबाला धरून राहणारं कुणीतरी असल्याशिवाय हे होत नाही.

आणि धरून राहायचं म्हणजे एका गावात बसून धरता येत नाही. आपल्या सगळ्या योजना गावाला खिळलेल्या आहेत आणि हे कुटुंब पाच जिल्ह्यांत पसरलेलं आहे. जुनं रेशनकार्ड मंगळवेढ्याचं, थोरल्याचा दाखला बारामतीच्या शाळेचा, धाकटीचा जन्म पाथर्डीकडे, मुक्काम सध्या लातूर रस्त्याला. मंगळवेढ्याच्या कार्यालयातून एक उतारा काढायचा म्हणून लातूरहून जायचं, तर दोन दिवसांची कमाई आणि एसटीचं भाडं गेलं. मंगळवेढ्यात ओळखीचा कार्यकर्ता असेल तर तेच काम फोनवर होतं. म्हणून एका तालुक्यापुरतं काम करणाऱ्या संस्थेचे हात लवकर बांधले जातात. ज्यांची माणसं निरनिराळ्या जिल्ह्यांत आहेत आणि एकमेकांना ओळखतात, त्यांचं काम पुढे सरकतं.

तुळजापूर तालुक्यात यमगरवाडीला भटके विमुक्त विकास प्रतिष्ठाननं १९९०च्या दशकात निवासी शाळा सुरू केली. गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारध्यांच्या आणि इतर भटक्यांच्या पालांवर जाऊन मुलं गोळा केली. आईबाप फिरतीवर आणि लेकरू एका जागी शिकतंय, असं एकदा झालं की त्या कुटुंबाला महाराष्ट्रात एक कायमचा पत्ता मिळतो. शाळेच्या रजिस्टरात नाव लागतं, पालकसभेला यावं लागतं, निरोप ठेवायला ठिकाण होतं. निवासी शाळेकडे मी म्हणूनच घराच्या प्रश्नाचाही भाग म्हणून पाहतो. जिथे अशी शाळा नाही तिथे हंगामी वसतिगृह आणि स्थलांतरित मुलांना मिळणारं शिक्षण हमी कार्ड ही दोन साधनं आहेत. कार्ड दाखवलं की मूल दुसऱ्या गावच्या शाळेत लगेच बसू शकतं. मात्र ते कार्ड आईच्या हातात देऊन त्याचा उपयोग समजावून सांगणारा शिक्षक पाहिजे.

फिरत्या माणसांना गाठायचं तर ती कुठे एकत्र येतात हे ठाऊक असावं लागतं. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. बंगाली पटांगणात काठेवाडी गाढवांचे सौदे होतात आणि वैदू, कोल्हाटी, कैकाडी, वडार, बेलदार अशा जमाती उतरतात. सोयरिकी जुळतात, जुनी भांडणं मिटवली जातात. रंगपंचमीच्या सुमाराला पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथेही तेच. वर्षभर सापडणार नाहीत इतकी कुटुंबं या दोन ठिकाणी चार दिवसांत भेटतात. प्रशासनानं आपली टेबलं नेमकी इथे मांडली पाहिजेत, सगळ्या जिल्ह्यांच्या नोंदी उघडणारी मशीन घेऊन. वारीच्या वाटेवर आरोग्याची एवढी मोठी व्यवस्था दरवर्षी उभी राहते. मढी आणि जेजुरीला चार दिवसांची दाखल्यांची व्यवस्था उभी करणं आपल्या राज्याला अशक्य नाही.

०००

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजारात आलेल्या पाच माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारून टाकलं. पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. भिक्षा मागत फिरणं हा त्यांच्या समाजाचा पिढ्यांचा जगण्याचा मार्ग. त्याआधी काही दिवस मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा फिरत होत्या.

या घटनेवर तेव्हा पुष्कळ लिहिलं गेलं, बहुतेक अफवांवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. मला ती खोली आठवते. ग्रामपंचायतीची. जिथून रहिवासी दाखला मिळतो, जिथे गावाची माणसं आणि परकी माणसं यांचा निवाडा रोज होत असतो, त्याच खोलीत ही पाच माणसं मेली. ज्याला कुठल्याच गावानं आपलं म्हटलेलं नाही त्याच्या बाजूनं बोलायला ऐनवेळी कुणी उभं राहत नाही. पूर्वी निदान पोलीस पाटलाकडे वर्दी द्यायची, चिठ्ठी घ्यायची पद्धत होती. तिच्यात संशय होता, पण ओळखही होती. आता गावांना फिरस्त्यांची सवय राहिलेली नाही.

तेव्हापासून अनेक बिऱ्हाडांनी लांबचे मुलूख सोडले. पुरुष पूर्वी दहा-दहा कोसांवर भिक्षेला जात, ते आता पालाच्या आसपास राहतात. भिक्षा सुटली तर चांगलंच, असं कुणी म्हणेल. पण मजुरीला कोण घेणार, याचं उत्तर आधी पाहिजे. पालापर्यंत जाणारा कार्यकर्ता गावातही बसतो, सरपंचांना, शाळेच्या गुरुजींना, आशाताईंना पालावर घेऊन येतो, ही त्याच्या कामाची दुसरी बाजू आहे. आशाताई एकदा एखाद्या बाळंतिणीला पाहायला पालावर आली, की गावाच्या बोलण्यात ते पाल चोरांचं उरत नाही.

०००

आता जागेकडे येऊ, कारण सगळे कागद पुरे झाल्यावर गाडी इथेच अडते.

प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६पासून सुरू आहे. सपाट भागात घरासाठी १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार असा केंद्राचा निकष. शौचालयाचे पैसे आणि रोजगार हमीची मजुरी वेगळी. निवाऱ्याशिवाय राहणारी कुटुंबं, भिक्षेवर जगणारी कुटुंबं यांना सर्वेक्षणाच्या निकषांत आपोआप पात्र धरलं होतं. म्हणजे कागदावर पालातलं कुटुंब यादीत सगळ्यांत वर. पण हप्ता मिळतो जागेच्या फोटोवर, उपग्रहाच्या नोंदीसह, आणि जागा लाभार्थ्याची पाहिजे. भूमिहीन लाभार्थ्याला जागा मिळवून देणं ही राज्याची जबाबदारी आहे, असं योजनेच्या चौकटीतच लिहिलेलं आहे. ती कशी पार पाडायची?

राज्यानं जागा खरेदीसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावानं योजना आणली. ५०० चौरस फुटांपर्यंत जागेसाठी आधी ५० हजार, नंतर वाढवून १ लाख. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, तेव्हा ही जागा अर्ध्या गुंठ्याहूनही कमी. इतका तुकडा विकायला शेतकरी तयार झाला तरी १९४७चा तुकडेबंदी कायदा आडवा यायचा, खरेदीखत व्हायचं नाही. एका हातानं पैसे आणि दुसऱ्या हातानं मनाई, अशी ही स्थिती कैक वर्षं चालली. अलीकडे नियम बदलून ग्रामीण घरकुलांसाठी अशा छोट्या तुकड्यांना वाट करून दिली आहे. हा बदल तलाठ्यापर्यंत आणि दुय्यम निबंधकापर्यंत नीट पोचवणं हेही कार्यकर्त्यांच्याच वाट्याला येतं. शासन निर्णयाची प्रत खिशात ठेवून ते कार्यालयात जातात.

विमुक्त-भटक्यांसाठी खास अशी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. वीस कुटुंबांची वसाहत, प्रत्येकी पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर. या योजनेत एक मोठी समज आहे: भटक्याला घराबरोबर परसू हवं, तिथे शेळ्या बांधायच्या, भाता लावायचा, गोधड्या शिवायच्या. पण एकगठ्ठा जमीन लागते, ती गायरानात शोधली जाते, आणि गायरान म्हटलं की ग्रामसभा पेटते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११च्या निकालानंतर गायरानं वाटण्यावर बंधनं आली आहेत, आणि २०२२मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानावरच्या हजारो कुटुंबांना उठवण्याच्या नोटिसा निघाल्या. सार्वजनिक जमिनी धनदांडग्यांनी गिळू नयेत हा त्या निकालामागचा विचार योग्यच आहे. भूमिहीनांसाठी त्यात अपवादही ठेवला आहे. नोटीस मात्र पत्र्याच्या झोपडीला आधी लागते.

ही अडचण फक्त भटक्यांची नाही. रायगड आणि ठाण्याकडच्या कातकरी वाड्या पाहा. पिढ्यान्‌पिढ्या त्या तिथेच आहेत, पण वाडीखालची जमीन सातबाऱ्यावर मालकाची. मुंबईकरांना फार्महाऊस हवी झाली, जमिनींना भाव आला, मालकानं जमीन विकली आणि नव्या मालकानं कुंपण घातलं, की कातकरी आपल्याच अंगणात अतिक्रमणदार. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर उचल घेऊन गेलेली असते. मे-जूनमध्ये परत येऊन पाहावं तर वाट बंद. कर्जत तालुक्यात कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सनं या कुंपणांचा अभ्यास केला, वाड्यांबरोबर बसून नकाशे काढले, गावठाण विस्ताराचे प्रस्ताव तयार केले. उल्का महाजन यांच्या सर्वहारा जन आंदोलनानं रायगडात आणि श्रमजीवी संघटनेनं ठाणे-पालघरकडे हाच लढा दिला आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रानं जनमन अभियान जाहीर केलं. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या महाराष्ट्रातल्या तीन जमातींना घरासाठी २ लाख मिळू लागले. पैसे वाढले हे फार चांगलं झालं. पण कातकऱ्याच्या घराखालची जमीन जोवर त्याच्या नावाची होत नाही, तोवर तो पक्क्या भिंतींच्या आतही उठवला जाऊ शकतो.

जागेचा हा प्रश्न मेल्यावरही सुटत नाही. पुष्कळ भटक्या जमातींत दफन करतात. नाथपंथीयांत बसवून समाधी देण्याची रीत आहे. गावच्या स्मशानात दहनाची शेड असते, दफनाला जागा नसते, आणि असली तरी ती गावकऱ्यांची. पालावर माणूस गेलं की रडण्याआधी पुरुषांना सरपंचांकडे, पाटलांकडे फिरावं लागतं. कधी ओढ्याच्या काठी, कधी रस्त्याच्या कडेला रात्री उरकावं लागतं. घरकुलाच्या कुठल्याही आराखड्यात ही बाब नसते. मुक्त वसाहतीच्या जागेबरोबर दफनभूमीचे चार गुंठे ठरावात लिहून घ्या, असा आग्रह जुने कार्यकर्ते धरतात, कारण नंतर ते कुणी देत नाही.

०००

ग्रामसभा होते २६ जानेवारीला, १ मेला, १५ ऑगस्टला आणि २ ऑक्टोबरला. घरकुलाच्या याद्यांचं वाचन, जागेचे ठराव, हरकती, सगळं तिथे. यांतल्या पहिल्या दोन तारखांना बिऱ्हाड वाटेवर असतं. घरकुलाच्या नव्या यादीसाठी ‘आवास प्लस’चं घरोघर सर्वेक्षण २०२५च्या पहिल्या महिन्यांत सुरू झालं, तेव्हाही ते वाटेवरच होतं. मोबाइलवरून स्वतः नोंद करायची सोय होती. ती करायला हाताशी आधार, चालू मोबाइल आणि वाचता येणारं माणूस लागतं. ज्या पालांवर कार्यकर्ता पोचला तिथल्या नोंदी झाल्या. २०२७च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे. ते दिवसही फिरतीचेच. यावेळी जातींचीही मोजणी होणार असल्यानं विमुक्त-भटक्यांच्या संघटनांचं तिच्याकडे बारीक लक्ष आहे, आपली वेगळी नोंद व्हावी ही त्यांची मागणी आहे. प्रत्येक तालुक्यात पालं कुठे उतरतात याची यादी पोलीस ठाण्याकडे सहसा असते. तीच यादी प्रगणकाच्या हातात द्यावी.

राहिल्या ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या दोन ग्रामसभा. तेव्हा पालं पावसाळ्याच्या मुक्कामाला एका जागी असतात, बहुतेकदा दरवर्षी त्याच गावात, त्याच माळावर. वीस-वीस, तीस-तीस पावसाळे एका गावाच्या शिवारात काढलेली कुटुंबं आहेत. त्यांच्या लेकी तिथेच जन्मल्या, म्हातारी तिथेच पुरली. त्या गावच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव घेता येतो: ही कुटुंबं आमच्या गावची रहिवासी आहेत, त्यांची नावं घरपट्टीच्या नमुना आठला लावावीत आणि गावठाणाला लागून त्यांच्यासाठी जागा सुचवावी. ठरावाचा मसुदा एका पानाचा आहे. सूचक आणि अनुमोदक अशा दोन सह्या लागतात, आणि त्या गावातल्याच दोन माणसांच्या असाव्या लागतात.